मावशींच्या कानातली फिरकी

खामगावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मला सेफ्टी सुपरवायझरची नोकरी लागली, तेव्हा माझं पहिलं काम होतं लोकांचे कान झाकणं. नुकता डिप्लोमा झालेला. उंद्रीहून येऊन गावात एक खोली घेतलेली. आणि ऑफिसात पहिल्याच दिवशी माझ्यासमोर खोक्यांचा ढीग, प्रत्येक खोक्यात एक इअरमफ. डोक्यावरून जाणारी पट्टी, दोन्ही टोकांना वाटीएवढी टोपणं, आतून मऊ गादी. मी ते सगळ्यांना रांगेत उभं करून वाटले. पहिल्याच माणसानं कानाला लावून विचारलं, "याच्यात गाणे नाई वाजत काय?"

आमच्या शेडमध्ये जिनच्या मशिनी ओळीनं उभ्या होत्या. कापूस आत जायचा, सरकी खाली पडायची, रुई पुढे निघायची. हे सगळं अशा आवाजात चालायचं की शेजारच्याला काही सांगायचं तर त्याच्या कानाला तोंड लावावं लागे. जुनी माणसं त्यामुळे ओठांवरून बोलणं ओळखायला शिकली होती. मला ते येत नव्हतं. मला नियम येत होते.

नियम असा होता की शेडमध्ये असेपर्यंत कानावरचं काढायचं नाही. तो सांगणारी मीच, म्हणून मला तर अजिबातच काढता येईना. आणि मला चष्मा. टोपणाची गादी चष्म्याची काडी कानामागच्या हाडावर दाबून धरायची. पहिला तासभर काही वाटलं नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत कानामागे कोणी बोट रुतवून उभं आहे असं वाटायला लागलं, आणि संध्याकाळी खोलीवर येऊन चष्मा काढला तर तिथे लाल खाच. कान घामानं उकडलेले, त्यात रुईचे बारीक तंतू चिकटलेले. उशीवर कूस टेकवता येईना.

तरी दुसऱ्या दिवशी लोक तक्रार करायला आले की मी म्हणायची, "सवय होईल."

"मॅडम, हे तं डोक्स्याले पक्कडीवानी धरते."

"सवय होईल हळूहळू."

ते मान हलवायचे, आणि माझी पाठ फिरली की टोपणं गळ्यात. दुपारी पाहावं तर सगळी शेड गळ्यात हार घालून सत्काराला आल्यासारखी.

पट्ट्याजवळ एक मावशी काम करायच्या. पट्ट्यावरून येणाऱ्या कापसातला पाला, काड्या आणि किडका कापूस वेचून काढायचा, हे त्यांचं काम. माझ्या जन्माच्या आधीपासून त्या ते करत होत्या. जवळच्या खेड्यातून रोज टेम्पोनं यायच्या, नवऱ्याची तिकडे भाजीची शेती. त्यांच्या कानात जाड सोन्याच्या कुड्या होत्या, मागे फिरकी असलेल्या. त्यांनी टोपणं गळ्यातसुद्धा घातली नव्हती, खुंटीला लटकवून ठेवली होती. कानात नुसते रुईचे बोळे. मी त्यांच्यासमोर उभी राहिले, खुणेनं सांगितलं, कानातलं काढा आणि हे लावा. त्यांनी कुडीला हात लावला, ओठ हलवले, मान हलवली. माझ्या कानांवर टोपणं होतीच. मला कळलं ते इतकंच: "काढत नाई."

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा तेच म्हटलं आणि हात पट्ट्यावर चालू ठेवला.

मी वहीत त्यांच्या नावापुढे लिहिलं, "सहकार्य नाही." ते आठवलं की आजही कानशिलं गरम होतात.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी आमच्याकडून रुई घेणाऱ्या एका मोठ्या कंपनीची माणसं पाहणीला येणार असं कळलं. मालकांनी मला बोलावून सांगितलं की एकही कान उघडा दिसता कामा नये. मी सकाळी गेटजवळ सगळ्यांना थांबवलं. मशिनी अजून सुरू व्हायच्या होत्या, म्हणून बोलणं ऐकू जात होतं. "आजच्या दिवस कोणी काढू नका," मी म्हटलं. "माझी नोकरी आहे." हे शेवटचं वाक्य मी ठरवून बोलले नव्हते, तोंडून निघून गेलं.

पाहणीची माणसं सकाळी येणार होती, ती आली दुपार उतरल्यावर. तोपर्यंत सगळ्यांनी टोपणं लावून ठेवली होती. मावशींनीसुद्धा, कुड्यांवरूनच. मी समोरून दोनदा गेले, त्यांनी मान वर केली नाही. मला आनंद झाला. वाटलं, ऐकलं एकदाचं.

पाळी सुटली, मशिनी थांबल्या. मावशींनी टोपणं काढून माझ्या हातात दिली आणि पदर डाव्या कानाला लावला. टोपणाच्या गादीवर रक्ताचा डाग होता.

"मावशी, दाखवा."

"काई नाई. घरी जाऊन हळद लावतो."

मी पदर बाजूला केला. कानाची पाळी सुजून जांभळी झाली होती, आणि मागची फिरकी दिसतच नव्हती. मांसात रुतून गेली होती. मला तिथल्या तिथे रडू आलं. मावशी म्हणाल्या, "मॅडम, कान माहा दुखते, रडून तुमी राह्यल्या."

मी त्यांना स्कूटीवर बसवून गावातल्या कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी पाहिलं आणि विचारलं, "हे फिरवून निघेल का?"

"नाई निघत," मावशी म्हणाल्या. "माह्या घरच्या मालकानं आवळली हाये. वांग्याच्या वर्षी आणल्या त्यानं ह्या कुड्या. त्या साली लय वांगे झाले होते. शेतात पडू नये म्हनून त्यानं आपल्या हातानं अशी आवळली, का मंग मलेच निघेना. सोनाराकडं जायची लाज वाटे. थो म्हणीन, नवऱ्यानं कान बंद करून ठेवले काय."

माझ्या तोंडून एकदम गावचं बोलणं निघालं. नोकरीत मी पुस्तकी मराठी बोलायची, शिकलेली दिसावी म्हणून. "मंग मले काऊन नाई सांगतलं मावशी तुमी?"

"सांगतलं ना. पट्ट्याजवळ. दोनदा म्हनलं, निघत नाई, निघत नाई."

"मले वाटलं, काढत नाई म्हनता."

मावशी माझ्याकडे पाहत राहिल्या आणि मग त्या दुखऱ्या कानासकट हसायला लागल्या. "तुह्या कानावर थे टोपणं, तुले काय आयकू येते पोरी!"

त्या घटकेपासून मी त्यांच्यासाठी मॅडम राहिले नाही, पोरगी झाले. आणि तुमीची तू.

डॉक्टर म्हणाले, कुडीचा दांडा कापावा लागेल आणि ते काम त्यांच्या हत्यारांचं नाही. समोरच्याच ओळीत सराफाचं दुकान होतं. मी जाऊन त्याला घेऊन आले. तो बिचारा बारीक पक्कड आणि कातर घेऊन दवाखान्यात आला, चपला बाहेर काढून, देवळात आल्यासारखा. डॉक्टरांनी पाळीत सुई देऊन ती बधिर केली. मग दोघे जण एका कानावर वाकले. मावशींनी माझा डावा हात घट्ट धरला होता आणि उजवा तळहात त्यांच्या मानेजवळ धरायला लावला होता.

"सोनं खाली पडू देऊ नको व."

"नाई पडू देत."

"अन् दादा, तू कान काप, पण कुडीची फुलं सांभाळ."

सराफ म्हणाला, "माय, हालू नको, नाई तं दोन्हीबी कापतो मी." मग टच्च असा आवाज झाला आणि कुडी माझ्या तळहातावर पडली. अर्ध्या तासानं दुसरीही पडली. डॉक्टरांनी जखम धुऊन पट्टी लावली. मी पैसे द्यायला उठले तर मावशी म्हणाल्या, "थांबा डॉक्टर, हिचाबी कान पाहा. हे रोज संध्याकाळी कानामांगं चोळत राह्यते. मले दिसते ना."

डॉक्टरांनी माझा चष्मा काढून कानामागे पाहिलं. खाचेची कातडी फाटली होती. "तुम्हीच लोकांना सांगता ना, सवय होईल?" त्यांनी विचारलं. त्यांना हे कोणी सांगितलं असेल, ते मी विचारलं नाही. मावशी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसल्या होत्या, आणि त्यांना वाचता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर एक उंच, वाळलेले गृहस्थ उभे होते. हातात पिशवी, पिशवीत वांगी आणि सांबार. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. वांग्यांवरूनच ओळखलं, हे मावशींचे यजमान. मला वाटलं, आता हे भांडणार. मी आधीच हात जोडले.

"चूक माझी झाली, बाबा."

"नाई वं बाई," ते मातीकडे पाहत म्हणाले, "फिरकी म्याच आवळली होती." पिशवी माझ्या हातात दिली आणि आले तसे निघून गेले.

त्या दिवसापासून मी "सवय होईल" म्हणणं सोडलं. जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन बायकांमध्ये बसायला लागले आणि कोणाचं काय दुखतं ते विचारायला लागले. आधी कोणी बोलेना. मग मीच माझी खाच दाखवली आणि गाडी सुटली. कोणाचा अंबाडा पट्टीखाली येत होता. कोणाला घामानं खाज सुटत होती. जिनवरच्या एका माणसानं टोपणांऐवजी माझ्याकडून नेलेले फोमचे मऊ बोळे वापरून पाहिले होते, पण ग्रीसच्या हातानं वळून कानात घातले, आणि आता आत ठणकत होतं. चूक त्याची नव्हती. हात धुऊन घाला, हे मी सांगितलंच नव्हतं. वहीत सही तेवढी घेतली होती.

मावशींनी घरून जुन्या सुती पातळाचे तुकडे आणले. टोपणाच्या गादीवर चढवायला त्यांनी गोल अभ्रे शिवले, कडेला बारीक नाडी. घाम टिपला जायचा, रोज धुता यायचे. मला धाकधूक, की कापडातून आवाज आत शिरेल. माल पुरवणाऱ्याला फोन करून विचारलं, तर तो म्हणाला, जाड कापड नको, यासाठी तयार पातळ अभ्रे मिळतात. ते मागवले, पण येईपर्यंत पातळाचे तुकडे एकेरी करून वापरले. मी चष्म्याला पातळ, चपट्या काड्या बसवून घेतल्या. अंबाडेवाल्यांनी वेणी खाली घातली. मालकांच्या मागे लागून सरकीच्या गोदामापलीकडची एक रिकामी खोली मिळवली. तिथे मशिनीचा आवाज नीट पोचत नव्हता. दर दोन तासांनी थोडा वेळ तिथे जाऊन कान उघडे करायचे. पहिल्यांदा गेलो तेव्हा सगळे नुसते कान चोळत बसले होते.

मावशींच्या कानांची भोकं बुजू नयेत म्हणून त्यांनी त्यांत कडुलिंबाच्या काड्या घातल्या होत्या. काड्या चपट्या बसायच्या, टोपणाखाली टोचत नव्हत्या. कुड्या पुन्हा जोडून आल्या, पण त्या आता फक्त सुट्टीच्या दिवशी आणि लग्नकार्यात. "घरी मालक विचारते, आज कान रिकामे काऊन? मी म्हनतो, आज मशिनी चालू हायेत."

हंगाम संपायच्या आत डॉक्टरांनीच सुचवलं म्हणून मी सगळ्यांच्या कानांची तपासणी करून घेतली. मावशींना काचेच्या लहान खोलीत बसवलं. कानात आवाज आला की बोट वर करायचं. मी बाहेरून पाहत होते. सुरुवातीला बोट पटापट वर जात होतं. मग थांबत थांबत. मग गुडघ्यावरच राहिलं. डॉक्टर बटणं दाबत होते, मावशी समोर बघत वाट पाहत होत्या, आणि बोट हलत नव्हतं.

"पास झाली ना मी?" बाहेर येऊन त्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. जाड आवाज ठीक येतात. बारीक, कोवळे आवाज गेलेले आहेत आणि ते परत यायचे नाहीत. उरलेलं मात्र सांभाळता येईल.

मावशी स्कूटीवर मागे बसल्या. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "मले वाटे, गावातल्या चिमण्याच कमी झाल्या."

मी गाडी हळू केली.

"असतीन व. घरी विचारतो मालकाले."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पट्ट्यावरच्या दोन नव्या बायकांची टोपणं स्वतः बसवून दिली, केस मागे सारून, गादी सगळीकडून टेकली की नाही बोट फिरवून पाहत. मी शिकवलं होतं त्याहून नीट.

हंगाम आटोपल्यावर त्यांनी मला घरी जेवायला बोलावलं. अंगणात बाज टाकली होती. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, वर सांबार. आम्ही जेवत असताना त्यांच्या मालकांनी कोठीतून मूठभर ज्वारी आणली आणि अंगणाच्या कोपऱ्यात टाकली. तपासणीच्या दिवसापासून ते रोज असं करत होते. थोड्या वेळात चिमण्या उतरल्या, दहा-पंधरा तरी असतील. मावशी घास हातात धरून त्यांच्याकडे पाहत होत्या.

"ओरडून राह्यल्या काय व?" त्यांनी मला विचारलं.

"हाव," मी म्हटलं. "लय."

"ओरडू दे," मावशी म्हणाल्या, आणि माझ्या ताटात न विचारता आणखी एक भाकर टाकली.