आजी, आम्ही तळ्यावर आलोय!

मंडळी, दुपारपासून कशात मन लागत नाहीये.

माझी मुलगी नोकरीसाठी इटलीत असते. आज सुट्टी म्हणून डोंगरातल्या जंगलात फिरायला गेली आणि तिथून व्हिडिओ कॉल केला. "आजी, आम्ही तळ्यावर आलोय!"

माझ्या आईचा चेहराच उतरला. "पोरी, सुकडी तरी देत्यात का गं तिथं?"

मुलगी हसली. मला हसू आलं नाही. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या पाथर्डीकडे तळ्यावर जाणं म्हणजे पाझर तलाव खोदायच्या सरकारी कामावर जाणं. नवी नवरी असलेली आई तिथे मातीच्या पाट्या वाहायची आणि तिथे वाटल्या जाणाऱ्या मूठभर गोड सुकडीवर दिवस काढायची.

मुलीने कॅमेरा फिरवला. गर्द झाडी, काठोकाठ निळं पाणी. "आजी, हे तळंसुद्धा माणसांनीच केलंय."

"मानसांनीच?" आईने फोन डोळ्यांजवळ नेला.

आईने माती वाहिलेलं आमचं तळं दिवाळीलाच आटतं. आत नुसत्या वेड्या बाभळी.

मघाशी जेवताना आईने हळूच विचारलं, "आमचं खांदायचंच चुकलं आसंल व्हय रं?"

तुम्ही काय सांगितलं असतं? मी तिच्या ताटात अजून एक भाकरी वाढली.