माझी बोटं जिथं लागली

सुई टोचून झाली आन् म्हातारीनं नातवाची मांडी गोमूत्रानं पुसली. सुईची जागा न्हाई. माझी बोटं जिथं लागली हुती, तेवढीच जागा.

मी गावची आशा सेविका. लस टोचायच्या दिवशी घरोघर हाका मारायच्या, पोरं गोळा करायची, सिस्टर सुई देती तवा पोराची मांडी घट्ट धरायची, हे माझं काम. राहते बौद्धवस्तीत. तिसगावच्या बाजारात मला कुनी इचारत न्हाई, तू कुठली म्हनून. गावात मात्र तान्ह्या पोराच्या मांडीलाबी माझी जात कळती म्हने!

म्हातारी सिस्टरला म्हनाली, "औषध तुमचं चांगलं हाय. पन पोराला हिनं धरायचं न्हाई."

सिस्टर वाईट बाई न्हाई. तिला वाद नको हुता, एवढंच. पुढच्या महिन्यात लसीचा डबा देवळाच्या मंडपात गेला आन् मी बाहेर, चपलांपाशी. आधी गावाची पोरं, मग वस्तीची, असं ठरलं. कुनी ठरवलं? कुनीच न्हाई. असलं सगळं आपोआपच ठरतं.

त्या दिवशी माझी चुलत जाऊ सुनीता पोरगी कडेवर घेऊन आली. नवराबायको कोपरगावकडं ऊसतोडीला गेल्ती, त्यात पोरीची घटसर्पाची लस राहिली हुती. मीच बोलावलं तिला. उन्हात माझ्याजवळ उभी राहिली. गावाचं हुईस्तोवर दुपार कलली आन् सिस्टरनं डबा मिटला. मी पायरीपाशी जाऊन वरडले, "सिस्टर, एकच पोरगी हाय वो!"

"लस संपली गं. पुढच्या महिन्यात पैली हिलाच देते."

पोरीला पुढचा महिना दिसलाच न्हाई. गळा सुजला. घशात पांढरा पापुद्रा धरला. श्वास घुरघुरायला लागला. नगरच्या दवाखान्यात नेईस्तोवर सगळं आटोपलं. सुनीता रडली न्हाई. मला म्हनाली, "जाऊबाई, तुमी बोलावलं म्हनूनच आल्ते ना मी?"

तिचा तो सवाल आजबी कानात हाय. आतून नुसती जळते.

पुढच्या खेपेला सिस्टर परत देवळाकडं वळली. मी तिच्या हातातनं डबा घेतला आन् रस्त्यावरच्या लिंबाखाली मांडला. "इथं. जे पोरगं आधी येईल, त्याला आधी. आन् धरनार मी."

सरपंच आले. "तुझं काम जाईल," म्हनाले.

"जाऊ द्या. त्या पोरीचा जीव गेला, तवा कुठं हुता तुमी?"

वस्तीतल्या बाया आल्या. गावातल्या थोड्याच आल्या, बाकीच्या दारातनं बघत राहिल्या. म्हातारी आलीच न्हाई. तिच्या नातवाची लस राहिली. बरं झालं, असं वाटायला पायजे हुतं मला. न्हाई वाटलं. त्या पोराचा गळा डोळ्यापुढनं हटंना.

सिस्टरला घेऊन तिच्या दारात गेले. म्हातारीनं तोंडावर दार लावलं. आत पोरगं खेळत हुतं, आवाज येत हुता.

काय बदलायचं न्हाई, मला ठाव हाय. सुनीताची पोरगी परत यायची न्हाई. म्हातारीचं गोमूत्रबी संपायचं न्हाई. पन दर खेपेला मी त्या दारात जानार. सुई त्या पोरालाबी मिळनार. आन् मांडी मीच धरनार.