बाजारात वाढलेली गिरजा

निजामाचे अखेरचे दिवस. सोलापूर म्हणजे इंग्रजी मुलूख आणि उदगीर म्हणजे मोगलाई. मधे करोडगिरीचा नाका, तिथं मालावर जकात बसायची. सोलापूरच्या कंपनीला आमचा बाजार म्हणजे परमुलूखच. लेकरांना गुटगुटीत करणारं 'बाळसत्त्व' नावाचं औषध त्यांनी इकडे पाठवलं, आणि जाहिरातीच्या कागदावर छापलं काय, तर पिवळ्या केसांचं साहेबाचं पोर! आमच्या बायका लांबूनच म्हणायच्या, "साहेबाच्या लेकराचं औषध हाय ते. आपल्याला कुठं मानवतंय?" शिकल्यासवरल्यांना एवढंही कळू नये!

कळलं ते मलप्पाला. उदगीरचा हा गडी पत्र्याचा कर्णा तोंडाला लावून आठवडी बाजारांत कंपनीचा माल खपवायचा. त्यानं कंपनीच्या वसंतरावांना सरळ सांगितलं, "रावसाहेब, आपल्यातलं लेकरू छापा. काजळ घातलेलं, गालाला तीट लावलेलं. मग बघा."

"तुमचंच आहे की घरात," वसंतराव म्हणाले.

घरात गिरजा होती, नुकती बसायला लागलेली. तिची आई दानम्मा फोटोला तयार नव्हती. फोटो काढला की लेकराचं आयुष्य घटतं, असं तेव्हा सगळेच मानायचे. मलप्पा हसला. "अगं, तीट लावलीय की! फोटोत बी येतीच ती. नजर लागंल कशी?" लोक याला हाव म्हणतात. मी म्हणतो कौतुक. आपली लेक साऱ्या मोगलाईनं बघावी असं वाटलं त्याला.

कागद छापून आले आणि बाटल्या हातोहात खपू लागल्या. पुढच्या उन्हाळ्यात गावात गोवर आला आणि गिरजा गेली.

कागद राहिले. लोहा, नांदेड, जिथं बाजार तिथं भिंतीवर गिरजा हसत होती. चित्र बदला म्हणून मलप्पानं वसंतरावांना हात जोडले. त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं, पण चालणारं चित्र कोण बदलतो? आणि पोट काही मलप्पाला चुकलं नव्हतं. तो आपल्याच हातानं खळ लावून आपलीच लेक चिकटवत राहिला.

लोह्याला एका लेकुरवाळीनं विचारलं, "दादा, ही लेक आता केवढी झाली?" मेली म्हणावं, तर कुठली आई ते औषध लेकराला पाजणार? मलप्पा म्हणाला, "चालाय लागली, बाई."

तिथून गिरजा वाढायला लागली. नांदेडला ती बोबडं बोलली. मग तिचे केस लांब झाले. मोगलाईत तेव्हा पोरांनाही धड शाळा नव्हती, पण गिरजाला होती. बाजारातून परतताना मलप्पा पाय आखडून चालायचा, मागून कुणी लहानगं येत असल्यासारखा. मधेच थांबून वळून बघायचा. सोबतचे लोक हळूहळू त्याला टाळायला लागले.

उदगिरात आणि घरी मात्र तो गिरजाचं नावही काढत नसे. 'फोटोनं खाल्ली माझी लेक' असं दानम्मा कधीच म्हणाली नव्हती. आज म्हणेल, उद्या म्हणेल, या धास्तीनं तो ताटावरून अर्धपोटी उठायचा.

एकदा लोह्याहून घोंगड्या विकायला आलेली बाई दानम्माच्या दारात सहज बोलून गेली, "तुमची लेक लई हुशार म्हणं. साळंत जाती, मालक सांगत व्हते." दानम्मानं लोह्याचा बाजार कधी भरतो ते तिला विचारून घेतलं.

पुढच्या बाजारी मलप्पा लोह्यात कर्णा लावून गिरजाचं सांगत होता, आणि समोर बायकांच्या घोळक्यात डोईवर पदर घेऊन दानम्मा उभी. तो मधेच थांबला. इतकी वर्षं चुकवलेलं ते वाक्य आता चारचौघांत येणार, असं वाटून त्यानं मान खाली घातली.

"थांबलात का?" दानम्मा म्हणाली. "पुढं सांगा की."

"दाने, घरी चल."

"साऱ्या मुलखाला सांगून राहिलात. घरी मलाच का न्हाई सांगत? मी काय तिची कुणी न्हवं?"

मलप्पानं कर्णा खाली ठेवला. कुणीतरी बाटली मागत होतं, ते त्याला ऐकू गेलं नाही. तो तिच्याजवळ भुईवर बसला आणि गिरजा पाटीवर काय काय लिहिते ते सांगू लागला. दानम्मा एक एक शब्द ऐकत होती. मधेच तिनं विचारलं, "आन् साळंत जाताना वेणी कोण घालतं तिची?"

"तूच की," मलप्पा म्हणाला.