मिठाची जागा
उडदाचा पापड भाजल्याचा वास आला की मला बाबांच्या उपचारांसाठी दूरच्या शहरात, सेक्टर बावीसमध्ये घेतलेली ती भाड्याची खोली आठवते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. बाबांच्या मानेत गाठ सापडली होती आणि तीच रक्तात हार्मोन सोडून त्यांचं बीपी भडकवत होती. ऑपरेशनआधी रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या, तेव्हा मूळच्या साताऱ्याच्या डॉक्टरबाई आईला म्हणाल्या, "काकू, आता यांना मीठ द्या, पाणीही भरपूर. नाहीतर उठून उभे राहिले की चक्कर येईल." बीपी म्हणून आईने वर्षानुवर्षं त्यांना अळणी जेवू घातलं होतं. "मीठच म्हणाल्या ना गं त्या? पक्कं?" रिक्षातही तिने मला विचारलं. खोलीवर तिने वरणभात वाढला, पापड भाजला आणि बाबांच्या ताटात वरच्या बाजूला, मिठाच्या जागी, भीत भीत चिमूटभर मीठ ठेवलं. गोळ्यांनी बाबांचं नाक चोंदलं होतं, वास कसला तो येतच नव्हता. पण पहिला घास घेऊन ते डोळे मिटून बसले. मग त्यांचं लक्ष आईच्या ताटाकडे गेलं. तिथे मीठ नव्हतंच. त्यांच्यासोबत तीही अळणीच जेवत आली होती. त्यांनी आपल्यातलं निम्मं मीठ उचलून तिच्या ताटात ठेवलं. "संपला तुझा उपास," म्हणाले. ऑपरेशननंतर बाबा पुष्कळ जगले. आता आई माझ्याकडे असते. तिच्या ताटात मीठ मी वाढते, आणि ती अजूनही त्यातलं निम्मं बाजूला काढून ठेवते.