काळ्या हंसाचा गोग्रास

कबुतर खिडकीत येऊन बसलं तरी मी घाबरून दुसऱ्या खोलीत जाते. त्यात त्या हिवाळ्यात इथे जर्मनीत, इंगोलश्टाटला आमच्या इमारतीमागच्या तळ्यावर काळ्या हंसांची जोडी राहायला आली. लालभडक चोच, हातभर मान. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचे, आणि मी पडदा ओढून घ्यायचे.

खालच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकाबाई मात्र रोज दुर्बीण घेऊन जायच्या. त्यांनी सांगितलं, हा पक्षी मूळचा ऑस्ट्रेलियाचा, इथे कुठल्या तरी बागेतून सुटलेला. तिकडचा ऋतू अंगातून जात नाही, म्हणून ऐन थंडीत घरटं बांधतो. नर-मादी पाळीपाळीने अंडी उबवतात, पाच-सहा आठवडे. आमच्याकडे इतकी समान वाटणी कधी होणार, असं मी नवऱ्याला ऐकवूनही घेतलं. पण पिल्लं झाली की नर कुणालाच जवळ येऊ देत नाही, अंगावर येतो, हे ऐकलं आणि माझं हसू गेलं.

त्याच सुमारास सासरे पुण्याहून आले होते. जेवणाआधी गायीसाठी घास काढून ठेवायचा हा त्यांचा आयुष्यभराचा नेम. इथे दारात गाय कुठून येणार? त्यांनी गोग्रास हंसाला द्यायचं ठरवलं. रोज सकाळी आदल्या दिवशीचा घास डब्यात घालून, आमच्या चार वर्षांच्या लेकीचं बोट धरून निघायचे.

"अहो बाबा, तिथे फेरबोटनची पाटी आहे. खायला घालायचं नाही. पोळी त्यांना बाधते."

"अगं, एवढासा घास. मुका जीव आहे."

मी वाद घातला नाही. खरं सांगायचं तर सकाळच्या मीटिंगच्या वेळी मुलगी बाहेर असलेली मला सोयीची होती. त्याची आजही लाज वाटते. हंस तेवढ्या दिवसांत शिकला. बाबा दिसले की पोहत काठाशी यायचा आणि त्यांच्या हातातून घास घ्यायचा.

मार्चमधल्या एका सकाळी शिक्षिकाबाई जिन्यात भेटल्या. काल चार पिल्लं बाहेर आली, आता तिकडे कुणी फिरकू नका, म्हणाल्या. मी धावत वर गेले. ओट्यावर डबा नव्हता. दाराशी लेकीचे बूट नव्हते.

मी घरातल्या चपला घालूनच पळत सुटले. वाटेत दोनदा घसरले. डोळ्यांसमोर नको ते दिसत होतं.

तळ्याकाठी बाबा डब्याचं झाकण काढत होते. हंस पाण्याबाहेर आला होता, पण रोजच्यासारखा नाही. मान खाली, पंख उभारलेले, एरवी झाकलेली पांढरी पिसं उघडी पडलेली. तो फुसफुसत होता.

"बघ, भूक लागलीय त्याला," बाबा कौतुकाने म्हणाले.

त्यांच्या मागे लेक उभी होती. लोकरीची टोपी काढून तिने ओंजळीत धरली होती आणि टोपीत राखाडी पिल्लू होतं. गवतात मागे राहिलेलं, थंडी वाजत असेल म्हणून तिने उचललेलं.

पिल्लू फेकावं आणि तिला उचलून पळावं, एवढंच मनात आलं. पण ते गवतात हरवलं असतं तर हंस आमच्याच मागे आला असता. बाबांना बाजूला ढकलून मी टोपी घेतली. आतली धडधड लोकरीतून हाताला लागत होती. मला किळस आली आणि रडूही आलं. लेकीला पाठीशी घेऊन मी गुडघ्यांवर बसले. चोच माझ्या तोंडासमोर, हातभर अंतरावर. टोपी आडवी केली तरी पिल्लू बाहेर येईना. पंखाचा फटका माझ्या मनगटावर बसला. मी टोपी सोडली नाही, आणखी कलती केली. शेवटी ते धडपडत बाहेर पडलं आणि चिवचिवत त्याच्या पोटाखाली शिरलं.

तो तिथेच उभा राहिला. मागे हटेना, पुढेही येईना. त्याची मान थरथरत होती.

लेक माझ्या पाठीला घट्ट चिकटली होती. ती कानात कुजबुजली, "हाट डेर आंग्स्ट?" तो घाबरलाय का, असं विचारत होती.

माझे दात एकमेकांवर वाजत होते.

"हो," मी म्हटलं. "तोही."