सुमनचा डावा हात

परवा खेळांचं कपाट उघडलं, तापलेल्या प्लास्टिकचा वास आला आणि सांबरा गावाजवळची माझी पहिली शाळा आठवली. तिथं देणगीत आलेल्या प्लास्टिकच्या तबकड्यांनी मी मुलांना डिस्क गोल्फ शिकवायचे. साखळ्या लावलेल्या लोखंडी टोपलीत लांबून तबकडी फेकायची, एवढाच खेळ.

दुसरीतल्या सुमननं पहिलीच तबकडी डाव्या हातानं फेकली. साखळ्या खणखणल्या.

"उजव्या हातानं टाक गं," मी म्हटलं.

"बाई, त्यानं जमत न्हाय."

"जमवायचं!"

मग तबकडी तिच्या पायाशीच पडत राहिली. मुलं हसली.

या खेळात डावा हातही चालतो, हे मला फार उशिरा कळलं. दुसऱ्या दिवसापासून सुमन नुसती इतरांच्या तबकड्या वेचून आणायची, आणि मी सगळ्यांसमोर तिला गुणाची पोर म्हणायचे.