शहराचा झाला

"रामप्रसादभाऊ, इंजनात काईच खराबी न्हाई. पण मला सांगा, ही कार हाय का टेम्पो?" जालन्यातल्या गॅरेजात डिक्कीचं झाकण धरून संघपाल मिस्त्रीनं विचारलं.

आत एक जळालेली पाण्याची मोटार, नांगराचा फाळ अन् कुणाची तरी शिलाई मशीन. टपावरच्या कॅरेजला पाइप बांधलेले. सगळं गाववाल्यांचं, जालन्यात दुरुस्तीला आणलेलं.

रामप्रसाद तीर्थपुरीहून नव्या जालन्याला, बियाण्याच्या कंपनीत, रोज अप-डाऊन करायचा. गाडीचं ॲव्हरेज विसावरून चौदावर आल्तं. असंच चाललं तर जालन्यात खोली करू, असं बायकोनं, नंदाबाईनं, सांगून टाकल्तं. त्याला गाव सोडायचं नव्हतं.

"वझं उतरवा, कॅरेज काढा, हवा बराबर ठेवा अन् पाय हलका," मिस्त्री म्हणाला. "लोकांना न्हाई म्हणता येत न्हाई का?"

"म्हणलं तं म्हणतेत, शहराचा झाला. अन् आणत राह्यलो तं डिझेलपायी खरंच शहरात बिऱ्हाड करायची पाळी."

तेवढ्यात शेजारच्या पुंजाराम काकाचा फोन आला. "येता येता पेंडीचे दोन पोते टाक रे बाप्पा."

रामप्रसादनं डोळे चोळले. "काका, आता सामान मंगळवारीच. रोज न्हाई जमत."

मंग काका म्हणाला, "झाला बाबा तूबी शहराचा!" अन् फोन ठेवला.

"काढा मिस्त्री कॅरेज," रामप्रसाद म्हणाला. "हे सामान मंगळवारपर्यंत इथंच राहू द्या."

हवा भरून त्यानं गाडी काढली अन् ॲटोंच्या गर्दीतून, पाय हलका ठेवून, ऑफिसच्या रस्त्याला लागला. वीस मिनिटं उशीर झाल्ताच.